आमच्या घरात पोरं दचकत नाहीत

दोन हजार बावीस साल. मला एकाहत्तरावं चालू होतं आणि माझ्या मोठ्या नातीला, ऋतुजाला, एकविसावं संपलं होतं. मागच्या प्रकरणांत मी माझं लहानपण लिहिलं, चौथीत शाळा सोडून हातोडी धरली ते लिहिलं. लोकांना वाटतं माणूस विशी-बाविशीपर्यंत वाढतो आणि मग थांबतो. माझं वाढायचं थोडं मागं राहिलं होतं. ते त्या वर्षी उरकलं, आणि तेही माझ्या खुशीनं नाही. म्हणून हे प्रकरण या वहीत घालतोय. ऋतुजा म्हणते, आप्पा, शुद्धलेखन तपासून देते. मी म्हटलं, वहीला हात लावायचा नाही. चुका माझ्या आहेत, माझ्याच अक्षरात राहू दे.

आमचा धंदा तांब्याच्या भांड्यांचा. खाली कारखाना, म्हणजे एक लांब अंधारी खोली, तिला बापजाद्यांपासून कारखाना म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. वर राहायच्या दोन खोल्या. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या. आता बंब कोण घेतो? आता हॉटेलवाले दिखाव्याला पाण्याचे जग घेतात, आणि लग्नात द्यायच्या बाटल्या मशीनवर होतात. पण या पोरी लहान होत्या तेव्हा खाली अजून चार माणसं बसायची. भांडं घडून झालं की ते मठारावं लागतं, म्हणजे सगळ्या अंगावर एकाला एक लागून हातोडीचे ठोके द्यायचे. त्यानं पत्रा घट्ट होतो आणि उजेडात चमकतो. एका हंड्याला किती ठोके, ते मोजत बसलं तर हंडा होणार नाही. चार माणसं मठारायला बसली की जो आवाज उठतो तो कानात मावत नाही, दातांत वाजतो. सकाळी नवाला सुरू, एकला जेवायला बंद, दोनला परत सुरू. संध्याकाळी आवाज थांबला की डोक्यात एक पोकळ शिट्टी वाजत राहायची. माझ्या डोक्यात ती अजून वाजते. हे लिहितानाही वाजतेय.

एवढ्या आवाजात तोंडानं बोलणं होत नाही. म्हणून आमचं सगळं हातावर. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. तळहात फिरवला की भांडं उलटं कर. मूठ आवळली की घट्ट धर. बोट वर केलं की थांब. जिन्याच्या तोंडाशी येऊन बायकोनं पाच बोटं एकत्र केली की खाली सगळे समजायचे, भाकऱ्या झाल्या. वरच्या खोलीतही हेच. घरातली बाई खालच्या आवाजावर ओरडून ओरडून किती ओरडणार? पोरंही बोलायच्या आधी खुणा शिकायची. लग्नाकार्यात आमची माणसं लगेच ओळखू यायची, एक तर फार मोठ्यानं बोलायची, नाही तर नुसते हात हलवायची.

आणि आम्हाला याचा अभिमान. आमच्या घराची एक रीत होती. बारशाला पाळण्यात पोर घातलं की घरातल्या मोठ्या माणसानं नवी कळशी घ्यायची आणि पाळण्याशेजारी हातोडीनं तीन ठोके द्यायचे. पोर रडलं तर बायका हसायच्या आणि पोराला कडेवर घ्यायच्या. रडलं नाही तर म्हणायचे, हे खरं घरचं. ऋतुजा पहिल्याच ठोक्याला किंचाळली, सगळी आळी हसली. सात वर्षांनी तिची धाकटी बहीण कल्याणी झाली. कल्याणीच्या बारशाला मी तीन ठोके मारले. पापणी हलली नाही. चौथा मारला, पाचवा मारला. पोर आपलं वर टांगलेल्या कापडी चिमण्यांकडे बघून हसतंय. मी आळीभर पेढे वाटले. दाराशी उभं राहून येईल त्याला सांगितलं, पाच ठोके मारले, पाच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहून टाकतो, नाही तर हात मागं येईल. कल्याणी दीड वर्षाची असेल. माझी बायको त्याच्या आधीच गेली होती. दुपारी जेवणाची सुट्टी, कारखाना बंद, आम्ही खालीच डबे उघडून बसलेलो. माझी सून वंदना जिन्यात येऊन उभी राहिली. फार बोलणारी बाई नाही ती. हातात परात.

"आप्पा, कल्याणीच्या मागं मी परात टाकली. तिनं वळून नाही बघितलं."

"मग?"

"तीनदा टाकली."

"परातीला पोचे आले असतील," मी म्हणालो. कारागीर हसले.

ती हसली नाही. "एकदा डॉक्टरला दाखवू का?"

चार माणसांत सुनेनं असं विचारलं याचा मला राग आला. मी म्हणालो, "आमच्या घरात पोरं दचकत नाहीत. तुझं माहेर इगतपुरीचं, रेल्वेच्या शिट्टीवर उठणारी माणसं तुम्ही. आणि आमच्याकडे पोरं उशिराच बोलतात, तुझा नवरा तीन वर्षांचा होऊन बोलला. हा विषय परत नको."

तिनं परत काढला नाही. परात घेऊन वर गेली. प्रकाश, माझा मुलगा, अंबडच्या कंपनीत शिफ्टवर असायचा. त्याला हे तिनं सांगितलं नाही, मी तर नाहीच.

पुढची तीन वर्षं पोर आमच्या खुणांवर वाढली. पाणी आण, आणायची. थांब, थांबायची. धर, धरायची. किती हुशार पोर, एकदा सांगितलं की ऐकते, असं मीच लोकांना सांगायचो. मग बालवाडीत घातली. तिथं कुणी खुणा करत नाही. आठ दिवसांत बाईंनी चिठ्ठी दिली, कान तपासून घ्या. सिव्हिलला नेली. डॉक्टर तरुण होता, रागीट नव्हता, पण कागदावरून मान वर न करता म्हणाला, दोन वर्षांच्या आत आणली असती तर बरंच करता आलं असतं. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? प्रकाश म्हणाला, "साहेब, आमच्याकडे आवाजच एवढा असतो." वंदना माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. कल्याणीच्या फ्रॉकचं बटण लावत राहिली. तेव्हापासून घरात तेच वाक्य झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पाहुणे आले की प्रकाश तेच सांगायचा, मी मान हलवायचो. नऊ-दहा वर्षं मान हलवली मी.

कल्याणी द्वारका चौकाच्या पलीकडच्या कर्णबधिरांच्या शाळेत जायला लागली. तिला पोचवायला-आणायला ऋतुजा जायची, तिथं बसून बसून तिनं ती हातांची भाषा उचलली. आमची कारखान्याची नव्हे, खरी, शाळेतली. मग संध्याकाळी दोघी बहिणी गच्चीवर बसायच्या आणि त्यांचे हात असे चालायचे की बघणाऱ्याला चक्कर यावी. मधेच दोघी पोट धरून हसायच्या. कशाला हसल्या ते मला कळायचं नाही, आणि विचारायला माझी जीभ उचलायची नाही. प्रकाश आणि वंदनाला मोडकं तोडकं यायचं. मला माझ्या दहा-बारा खुणा पुरत होत्या. निदान मला तसं वाटायचं.

तर त्या वर्षी ऋतुजाचं बी.ए. झालं. मी एका ओळखीच्या संस्थावाल्याशी बोलून ठेवलं होतं. इथंच नाशकात साधं बी.एड. करायचं, मग त्याच्या शाळेत चिकटायचं. पोरगी घरात राहते, इज्जतीची नोकरी होते. आमच्या घरात मास्तर कुणी झालेलं नाही. चौथी शिकलेल्या माणसाची नात मास्तरीण होणार, हे मी आळीत सांगूनही टाकलं होतं.

एके दिवशी ती वर मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, "आप्पा, मी विशेष शिक्षणाचं बी.एड. करणार आहे. मुंबईला नाव लागलंय."

"विशेष म्हणजे?"

तिनं समजावलं. त्यातही विभाग असतात. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलांना शिकवायचा वेगळा, बुद्धीनं मागं असलेल्यांचा वेगळा, वाचता-लिहिताना अडखळणाऱ्यांचा वेगळा, आणि ऐकू न येणाऱ्यांचा वेगळा. अर्जात एकच निवडायचा. तिनं शेवटचा निवडला होता. दोन वर्षं मुंबईला राहायचं. शनिवारी संध्याकाळपर्यंत जागा पक्की करायची होती, नाही केली तर पुढच्या नावाला जाणार. तो दिवस बुधवार होता.

मी म्हणालो, "मुक्या-बहिऱ्यांची मास्तरीण होणार तू?"

"कर्णबधिर म्हणा, आप्पा."

"मी काय म्हणायचं ते मला शिकवू नको. तुझ्या लग्नात लोक पहिलं काय विचारतील? हिनं हेच का घेतलं? मग घरातली गोष्ट निघणार."

"निघू दे की. कल्याणी काय लपवून ठेवलीय का आपण?"

मग तिनं अर्जातला मजकूर वाचून दाखवला. हा विभाग का निवडता, असा तिथं प्रश्न होता. तिनं लिहिलं होतं: माझी धाकटी बहीण साडेचार वर्षांची होईपर्यंत तिला ऐकू येत नाही हे आमच्या घरात कुणाच्याही लक्षात आलं नाही. असं दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून. पुढंही होतं, ते मी ऐकलं नाही. वंदना पलीकडे तांदूळ निवडत होती, तिची बोटं ताटात चालत राहिली. ही पोरगी तिथं जाणार, असल्या पोरांच्या आयांना भेटणार, आणि एक दिवस तिला कळणार की आईच्या लक्षात येतंच. मग घरी येऊन ती वंदनाला विचारणार.

म्हणून मी नाही म्हणालो. कारणं वेगळी दिली. त्या शिक्षणाला नोकरी लागत नाही म्हणालो, मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मुंबईत पोरीबाळींनी कसं राहायचं म्हणालो. शेवटी हाताशी आलं ते फेकलं, "तू गेलीस तर कल्याणीशी बोलणार कोण?"

तिथं ती अडली. कारण तिलाही तेच टोचत होतं. प्रकाशची शिफ्ट, वंदना सातपूरच्या पॅकिंगच्या कामाला जायची, दिवसभर घरी मी एकटा.

"तेच मी तुम्हाला विचारायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही शिकाल का? शाळेत दर शनिवारी पालकांचा वर्ग असतो."

"मला येतात खुणा. तुझ्या जन्माच्या आधीपासून येतात."

"तुमच्या खुणा कामाच्या आहेत, आप्पा. आण, धर, थांब, उलट कर. सगळे हुकूम. तिला तुम्हाला काही सांगायचं असेल, तर त्याला त्यात एकही खूण नाही."

असं मला माझ्या घरात कुणी बोललं नव्हतं. मी उठून खाली गेलो आणि एक जुना हंडा काढून उगाच ठोकत बसलो. दोन दिवस आम्ही बोललो नाही. प्रकाश मधे पडायला आला. "आप्पा, जाऊ द्या ना तिला." मी म्हणालो, "तू शिफ्टला जा." तो गेला.

शुक्रवारी ऋतुजाच म्हणाली, "कल्याणीच्या मोठ्या बाईंना भेटायला चला. त्यांनी नको म्हटलं तर मी साधं बी.एड. करीन." मला वाटलं सुटलो. शिकलेली बाई आहे, दोन शब्दांत बोलून पोरीचं मन वळवता येईल.

पगारे बाई साठीला आलेल्या. टेबलावर कानाच्या यंत्रांच्या डब्या, भिंतीवर पोरांची चित्रं. त्यांनी ऋतुजाला सरळ विचारलं, "बहिणीसाठी घेतेस का हे?" ऋतुजा हो म्हणाली. बाई म्हणाल्या, "मग नको घेऊस. बहिणीशी तुला बोलता येतंच, त्याला पदवी कशाला? वर्गात पंधरा पोरं असतात आणि त्यातलं एकही तुझी बहीण नसतं. कुणी थुंकतं, कुणी चावतं, कुणाची आई सहा महिने यंत्रच लावत नाही. बहिणीवरच्या मायेवर दोन वर्षंही निघत नाहीत." मी मनात म्हटलं, वा. ऋतुजा म्हणाली, "माया नाही बाई. मला राग येतो. साडेचार वर्षं त्या पोरीशी कुणी एक वाक्य बोललेलं नव्हतं. राग आहे, तो कुठंतरी कामाला लावायचाय." बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा. मला हिच्याशी बोलायचंय."

बाहेर व्हरांड्यात बाक होतं. त्याच इमारतीत लहान पोरांचे कान तपासतात, त्यासाठी माणसं बसलेली. माझ्या शेजारी माझ्याच वयाचा एक गडी, टोपी, धोतर, कडक माणूस. बाजूला त्याची सून, कडेवर दोन-अडीच वर्षांची पोर. सुनेचा हात भरून आला होता, ती पोर सारखी या कडेवरून त्या कडेवर घेत होती. मी विचारलं, कुठले पाव्हणे?

"सायखेडा," तो म्हणाला. "अंगणवाडीची बाई लय मागं लागली म्हणून आलो. पोरीला काय बी झालेलं नाय. आमच्यात पोरं उशिराच बोलत्यात. हिचा बाप चार वर्साचा होऊन बोलला."

माझ्या तोंडात कुणी हात घालून ते वाक्य काढून नेलं असं वाटलं.

सून जमिनीकडे बघून हळू म्हणाली, "कुकरची शिट्टी झाली तरी बघत नाय ती, मामा."

"तू गप. तुला लय कळतं." मग मला म्हणाला, "बघा, हे असं हाय. मोबाईलवर बघत्यात आन् आपल्याला शिकवत्यात." त्यानं घड्याळ बघितलं. "नंबर काय लागंना. चल गं, बस जाईल."

सून उठली. तिनं पिशवी खांद्याला लावली, पोरीचे सांडलेले बिस्किटाचे तुकडे झटकले. ती ज्या पद्धतीनं उठली ती मला ओळखीची होती. मी बारा वर्षं ती पाठमोरी बघितली होती, परात घेऊन जिना चढताना.

"पाव्हणं, बसा," मी म्हणालो.

"बस जाईल."

"जाऊ द्या. दुसरी मिळेल. तुमची सून बरोबर बोलतेय."

"तुम्ही कोण सांगणार?"

मी सांगितलं. आमचा आवाज मोठा, हळू बोलायचं आम्हाला माहीत नाही. अख्ख्या व्हरांड्यानं ऐकलं. मी म्हणालो, "माझ्या सुनेनं मला असंच सांगितलं होतं. पोर दीड वर्षाची होती. परात टाकून बघितली होती तिनं, एकदा नाही, तीनदा. मी चार माणसांत तिचं हसं केलं आणि तिला गप्प बसवलं. नंतर तीन वर्षांनी डॉक्टरनं सांगितलं, उशीर झाला. ती पोर आज चौदा वर्षांची आहे, आत वर्गात बसलीय. तिला काय वाटतं ते तिला विचारा म्हणालो असतो, पण तुम्हाला विचारता येणार नाही. मलाही येत नाही."

सायखेड्याचा गडी बसला. पटलं म्हणून नाही. चारचौघांत लाज वाटली म्हणून बसला. मीही तसाच बसलो असतो. त्याची सून उभीच राहिली होती, ती माझ्याकडे नाही, माझ्या मागं बघत होती. मी वळलो. बाईंच्या दारात ऋतुजा फाईल छातीशी धरून उभी.

आम्ही दोघं शाळेतून घरी निघालो. द्वारकेला रस्ता ओलांडताना तिनं नेहमीसारखा माझा दंड धरला, पण पलीकडे गेल्यावर लगेच सोडला. मी थकलो होतो. एवढा थकलो होतो की रस्त्याच्या मधे बसावंसं वाटत होतं. आयुष्यभर हातोडी उचलली, पण असं अंग गळालं नव्हतं.

वर वंदना शेंगोळी करत होती. शुक्रवारची तिला सुट्टी. हुलग्याच्या पिठाची एकेक वळी तळहातावर लांबवून, टोकं जुळवून ताटात मांडायची, फार वेळेचं काम. लसणाचा वास सगळ्या खोलीभर. ऋतुजा तिच्यासमोर बसली.

"आई, परात कधी टाकली होतीस?"

वंदनानं माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी मान खाली घातली. तिनं हातातलं शेंगोळं पूर्ण केलं, ताटात ठेवलं.

"कुणी सांगितलं?"

"आप्पांनी. सगळ्या शाळेसमोर."

"दीड वर्षाची होती," वंदना म्हणाली.

"आणि तू गप्प बसलीस? पप्पांना नाही सांगितलंस? मला नाही?"

"तू आठ वर्षांची होतीस गं." मग म्हणाली, "सगळं आप्पांवर नको टाकू. मी तिला इगतपुरीला नेऊन दाखवू शकले असते. नाही नेलं. आप्पा म्हणतात तसंच असावं, असं मलाही वाटत होतं. तसंच असू दे, असं वाटत होतं."

एवढ्यात कल्याणी शाळेतून आली. दप्तर टाकलं, आमची तोंडं बघितली आणि हातानं विचारलं, काय झालं. कुणी काही सांगेना. तिनं परत विचारलं, पाय आपटून. तेव्हा ऋतुजानं तिला सांगितलं. हात चालत होते, मी बघत होतो. परात मला ओळखू आली, ठोके ओळखू आले, मी ओळखू आलो. बाकी काही कळलं नाही, पण सगळं सांगितलं जातंय एवढं कळलं. सांगून झाल्यावर कल्याणी माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, दुःखानं नाही, एखादं भांडं उजेडात धरून बघावं तसं. मग तिनं माझ्याकडे बघून हातानं काहीतरी म्हटलं. थोडंसंच.

"काय म्हणाली?" मी ऋतुजाला विचारलं.

"तिला विचारा."

"मला कुठं येतं?"

"मग राहू दे," ऋतुजा म्हणाली. "आणि ऐका आप्पा, बाई जा म्हणाल्या, पण मी कुठं जात नाही. जागा गेली तर जाऊ दे. तिला या घरात ठेवून मी दोन वर्षं मुंबईला जाऊ? इथं तिला काही सांगायचं असेल तर कुणाला सांगेल? तुम्हाला?"

ती आत गेली. म्हणजे बुधवारपासून मी जे मागत होतो ते मिळालं. पोरगी घरात राहणार होती. शेंगोळी झाली, वंदनानं सगळ्यांना वाढली, मलाही वाढली. कुणी मीठ जास्त-कमी काही बोललं नाही. मी हरलो असतो तर बरं झालं असतं.

लोक मला आजही म्हणतात, तुमची नात मुंबईला एवढी शिकली, तुम्ही पाठिंबा दिलात. पाठिंबा वगैरे काही नाही. तिनं जागा पक्की केली ती शनिवारी दुपारी, तिची तिनं केली. मी काय केलं ते एवढंच.

शनिवारी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, कारखान्याचं कुलूप काढलंच नाही आणि कल्याणीच्या मागं मागं शाळेत गेलो. तिला वाटलं मी फी-बिफीचं काही बघायला आलोय. पालकांच्या वर्गात सगळ्या बायाच होत्या, तरण्या, कडेवर पोरं असलेल्या. पोरांची बाकं, माझे गुडघे मावेनात. पगारे बाईंनी मला बघितलं, काही विचारलं नाही, हजेरीत नाव लिहून घेतलं. म्हणाल्या, आपण आज रंग शिकतोय. मी म्हटलं, "रंग नंतर. ‘काल तू काय म्हणालीस?’ हे कसं विचारायचं ते मला दाखवा."

त्यांनी दाखवलं. माझी बोटं वाकत नाहीत, हातोडीच्या दांड्यावर ती तशीच आकडून बसलीत. डाव्या हातानं उजव्याची बोटं वाकवून मी ती खूण बसवली. कल्याणी दारात येऊन उभी होती, तिला बोलावलं आणि विचारलं. तिला कळलं नाही. परत विचारलं. तिसऱ्यांदा कळलं. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं उत्तर दिलं, भराभर. बाई सांगायला पुढं आल्या, मी म्हटलं, तुम्ही नका सांगू. बोट वर करून कल्याणीला थांबवलं, आणि परत तोच प्रश्न विचारला.

तिनं बाक ओढलं, माझ्यासमोर बसली आणि सावकाश सांगितलं. ऋतुजा शाळेत असताना घालायची तशी वेणी हातानं दाखवली, म्हणजे ताई. हात लांब खिडकीबाहेर नेला, म्हणजे जाऊ दे. ताईला जाऊ दे. मग माझ्या छातीवर बोट ठेवलं, स्वतःच्या छातीवर ठेवलं, आणि आणखी बरंच काही बोलली. ते मला कळलं नाही. मी मान हलवली नाही. विचारत राहिलो.